गाडी उभी आहे

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामाच्या दिवसांत जिकडे पाहावं तिकडे पिकअप दिसतात. हौद्यात क्रेटची थप्पी, वर आवळलेली ताडपत्री, फाळक्याला दोरी. एका क्रेटमध्ये साधारण २० किलो टोमॅटो मावतो. जुलै २०२३ मध्ये याच बाजारात क्रेटचा भाव दोन हजारांच्या वर गेला होता. त्या दिवसांत शंभर क्रेट भरलेली गाडी वाटेत बंद पडली असती, तर दोन लाखांचा माल रस्त्याच्या कडेला तापत राहिला असता. टोमॅटो मेकॅनिकची वाट पाहत नाही. लासलगावचा कांदा एखादा दिवस कळ काढतो. मिरकरवाड्याची मासळी किंवा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तेवढीही काढत नाही.

म्हणून पिकअपवाल्याच्या दृष्टीने बिघाडाची किंमत गॅरेजच्या बिलावर कधीच पूर्ण उतरत नाही. नवी पिकअप आज नऊ-दहा लाखांच्या घरात जाते. आठ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज आणि चार वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे २०,७०० रुपये पडतो. दिवसाला जवळजवळ सातशे. गाडी फेरीवर असो की वर्कशॉपच्या आवारात, हे सातशे रुपये रोज द्यायचेच असतात. वर विमा, ड्रायव्हर असेल तर त्याचा पगार, आणि बुडालेली भाडी. ज्या आडत्याचा किंवा बागाईतदाराचा माल आपण रोज उचलतो, त्याने आठ दिवस दुसऱ्याची गाडी लावली की नवव्या दिवशी तो परत आपल्याकडे येईलच असं नाही.

नगर-कल्याण रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात पिकअपवाल्यांचं बोलणं ऐकलं की एक गोष्ट लक्षात येते. गाडी बिघडते याबद्दल त्यांची फारशी तक्रार नसते. लोखंड आहे, झिजणार. घाट आहेत, क्लच जाणार. खड्डे आहेत, पाटे तुटणार. हे त्यांनी धंद्यात उतरतानाच धरलेलं असतं. राग येतो तो निराळ्याच गोष्टीचा. नेमकं काय बिघडलं हे कुणी धड सांगत नाही, गाडी कधी मिळेल ते सांगत नाही, आणि पूर्वी जो माणूस तासाभरात गाडी चालू करून द्यायचा, त्याच्या हातात आता काही उरलेलं नाही. दुरुस्तीचं ज्ञान आणि अधिकार गावातल्या गॅरेजमधून उचलून कुठेतरी दूर नेऊन ठेवले गेले आहेत. पाच-सहा वर्षांत हे इतक्या वेगाने घडलं की त्याची सार्वजनिक चर्चासुद्धा झाली नाही.

*

छोट्या मालगाड्यांशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. फिरोदियांची बजाज टेम्पो कंपनी १९५८ साली उभी राहिली आणि तिच्या मॅटॅडोरने पुढची कितीतरी वर्षं भाजीपासून वऱ्हाडापर्यंत सगळं वाहिलं. १९८८ मध्ये टेल्कोची टाटामोबाईल आली; तिचा २०७ हा आकडाच पुढे गाडीचं नाव होऊन बसला. मे २००५ मध्ये टाटांनी ‘एस’ बाजारात आणली. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन, १६ अश्वशक्ती, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या या गाडीला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हणायला सुरुवात केली आणि तीनचाकी टेम्पो चालवणारे हजारो लोक चारचाकीचे मालक झाले. दरम्यान महिंद्राच्या बोलेरो पिकअपने ग्रामीण भागात अशी काही मांड ठोकली की अनेक तालुक्यांत पिकअप म्हटलं की तीच डोळ्यांपुढे येते.

कायद्यानेही या वर्गाला हात दिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार मालासह एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असलेल्या मालगाडीला परवाना, म्हणजे परमिट, काढावं लागत नाही. त्यामुळे थोडी जमीन, थोडी बचत आणि एखादा फायनान्सवाला एवढ्यावर माणूस गाडीमालक होऊ शकतो. पिकअप घेणारा बहुतेकदा वाहतूक कंपनी चालवत नसतो. तो एकट्या गाडीचा मालक असतो, आणि ती गाडी हेच त्याचं दुकान, शेत आणि पेन्शन असतं.

त्या काळच्या गाड्या दणकट होत्या असं सरसकट म्हटलं जातं. त्यात आठवणींचा गोडवा बराच आहे. त्याही बंद पडायच्या. हेडगॅस्केट उडायचं, पंपाचं टायमिंग हलायचं, रेडिएटर फुटायचा, सेल्फ अडकायचा. फरक एवढाच की बिघाड उघड्यावर असायचा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, पांढऱ्या धुरासोबत पाणी कमी होत असेल तर हेडगॅस्केट बघायचं. मिस्त्री धूर बघायचा, आवाज ऐकायचा, एका पाठोपाठ एक इंजेक्टरची नळी सैल करून कुठला सिलिंडर काम करत नाही ते शोधायचा. यंत्रावर चालणारा डिझेल पंप एकदा सुरू झाला की त्याला संगणकाची गरज नव्हती. दहा, तेरा, सतरा नंबरचे पाने, एक हातोडी आणि अनुभव एवढ्यावर एसटी स्टँडमागच्या गॅरेजचा संसार चालायचा.

पण त्या धुराची दुसरी बाजूही सांगायला हवी. तो धूर घाटात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या, बाजार समितीच्या आवारात दिवसभर राबणाऱ्या हमालाच्या आणि खुद्द ड्रायव्हरच्या छातीत जात होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये सांगितलं की ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ या जुन्या प्रदूषण निकषाची गाडी विकता येणार नाही, आणि १ एप्रिल २०२० पासून देश थेट बीएस-६ वर गेला. मधला पाचवा टप्पा गाळूनच. डिझेलमधल्या गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आलं. डिझेल मोटारींसाठी सूक्ष्म कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आणि नायट्रोजन ऑक्साइडची २५० वरून ८० वर आणली गेली. हलक्या मालगाड्यांचे निकषही त्याच दिशेने आवळले गेले. हा निर्णय योग्यच होता. चूक त्यानंतर झाली. गाडी बदलली, इंधन बदललं, पण ती गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसाला नवं काही द्यायचं कुणाच्याच यादीत नव्हतं.

*

बीएस-६ डिझेल पिकअपच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक गाळणी बसलेली असते. तिला डीपीएफ म्हणतात. इंजिनातून येणारी काजळी तिच्यात अडकते आणि ठरावीक साठा झाला की गाडीचा संगणक जादा डिझेल सोडून ती गाळणी सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवतो आणि काजळी जाळून टाकतो. याला गॅरेजच्या भाषेत ‘रिजन’ म्हणतात. ते पुरं व्हायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने धावावी लागते.

आता पिकअपचा प्रत्यक्ष दिवस पाहा. पहाटे वाशीच्या बाजारात रांग, इंजिन चालू-बंद, दहा फूट पुढे, पुन्हा थांबा. मग दादर, परळ, लालबाग असे थांबे घेत माल उतरवणं. गाळणी तापायला लागते तोच ड्रायव्हर किल्ली फिरवतो, कारण माल उतरवताना इंजिन चालू ठेवणं म्हणजे डिझेल वाया घालवणं हे त्याला पिढ्यांनी शिकवलेलं आहे. रिजन अर्धं राहतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धं. जाळण्यासाठी सोडलेलं डिझेल न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करतं. शेवटी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. त्या दिव्याचा अर्थ ड्रायव्हरला कुणी सांगितलेला नसतो. गाडी देताना शोरूममध्ये हार घातला जातो, नारळ फुटतो, पेढा मिळतो, फोटो निघतो. पुस्तिका कप्प्यात जाते. दिवा लागल्यावर अर्धा तास महामार्गावर गाडी पळवली असती तर काम झालं असतं. तो चार-पाच दिवस तसाच चालवतो. मग गाडी ताकद सोडते.

याला लिंप मोड म्हणतात. इंजिन वाचवण्यासाठी संगणक ताकद छाटतो. ड्रायव्हर एवढंच सांगतो की गाडी दाब घेत नाही, ओढत नाही. सपाटीवर हे चालून जातं. कसाऱ्याच्या किंवा खंबाटकीच्या घाटात, मागे भरलेला ट्रक असताना ताकद गेली की काय होतं, ते ज्याच्यावर गुजरलं आहे त्याला विचारावं. कंपनीच्या अभियंत्याने इंजिनाची काळजी केली हे ठीक, पण चढावर अडकलेल्या माणसाची काळजी त्या आखणीत दिसत नाही.

दुसरं दुखणं इंधनाच्या वाटेवर आहे. नव्या इंजिनात कॉमन रेल पद्धत असते. डिझेल दीड-दोन हजार बार एवढ्या दाबाने इंजेक्टरमधून फवारलं जातं. त्या इंजेक्टरमधल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजायच्या. नाशिकच्या सातपूरमधला बॉशचा कारखाना अशा नोझल आणि इंजेक्टरसाठीच ओळखला जातो, म्हणजे हे तंत्र महाराष्ट्राला परकं मुळीच नाही. पण त्या अचूकतेला डिझेलमधलं पाणी आणि कचरा खपत नाही. पावसाळ्यात पंपाच्या टाकीत उतरलेलं पाणी, शेतावर पिंपात साठवलेलं डिझेल, स्वस्तात मिळालेला डुप्लिकेट फिल्टर. यातलं काहीही एक पुरे होतं.

समजा गाडी स्कॅनरला लावली आणि कोड आला ‘पी ००८७’. त्याचा अर्थ, रेलमधला दाब कमी पडतो आहे. का कमी पडतो आहे? फिल्टर तुंबला असेल. कुठल्या तरी जोडातून हवा ओढली जात असेल. पंप झिजला असेल. एखादा इंजेक्टर डिझेल परत सोडत असेल. दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह अडकला असेल. किंवा सगळं ठीक असून दाब मोजणारा सेन्सरच खोटं बोलत असेल. कोड म्हणजे निदान नव्हे. कुठे शोधायला सुरुवात करायची याची ती खूण आहे. शोधायला वेळ लागतो, दाबाचे आकडे माहीत असावे लागतात, वायरिंगचा नकाशा लागतो. हे सगळं नसलं की एकच मार्ग उरतो. आधी सेन्सर बदलायचा, मग व्हॉल्व्ह, मग पंप. प्रत्येक वेळी मालकाच्या खिशातून. बदललेला भाग चांगला होता हे नंतर कळलं तरी तो परत घेतला जात नाही. पिकअपवाल्यांच्या रागाचा मोठा वाटा इथे साठलेला आहे, आणि तो रास्त आहे.

गावातल्या मिस्त्र्याने इंजेक्टर नेमका शोधून काढला, नवा आणून बसवला, तरी काम संपत नाही. प्रत्येक इंजेक्टरवर एक सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो आणि तो गाडीच्या संगणकात नोंदवावा लागतो. नाहीतर इंजिन खडखडत राहतं, धूर सोडतं. नोंदवायला कंपनीचं सॉफ्टवेअर किंवा त्याच्या तोडीचा महागडा स्कॅनर लागतो. बाजारात काही हजारांत मिळणारे स्कॅनर कोड वाचतात आणि पुसतात. लिहिणं त्यांना जमत नाही. मग हाताने सगळं काम केलेला मिस्त्री शेवटच्या पाच मिनिटांसाठी गाडी टोचन करून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या वर्कशॉपला पाठवतो. तिथे बाहेरून काम झालेलं पाहून वॉरंटीवरून वाद सुरू होतो.

बाकीचे त्रास लहान, पण चिवट आहेत. कोकणात पावसाचं पाणी कनेक्टरमध्ये शिरतं आणि गाडी मधूनच बंद पडते. वर्कशॉपला नेली की वाळलेली असते, दोष सापडत नाही. धान्याच्या किंवा पेंडीच्या गोदामापाशी उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात. पूर्वी दिव्याची वायर तुटायची, आता सेन्सरची तुटते आणि सगळी गाडी अडते. युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ, लागणाऱ्या मॉडेलांत भेसळीचं द्रावण टाकलं की त्याचे खडे धरतात आणि पुढची नळी, पंप, नोझल सगळं जाम होतं. मासळीच्या गाड्यांचं दुखणं वेगळंच: खारं पाणी हौद्यातून गळत राहतं आणि चेसी आतून गंजत जाते.

*

या सगळ्यात मालकांचा वाटा काहीच नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. १,३०० किलो पासिंगच्या गाडीत वीस किलोंचे ६५ क्रेट बसतात. रिकाम्या क्रेटचं वजन धरलं तर त्याहूनही कमी. रस्त्यावर मात्र शंभर-सव्वाशे क्रेटची गाडी रोज दिसते. पाटे वाढवून घेतले जातात, टायर जाड घातले जातात. कलम १९४ खाली जादा भाराला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार असा फटका आहे, तरी भार कमी होत नाही, कारण भाड्याचा दर ठरवणारा व्यापारी जादा भार गृहीत धरूनच दर ठरवतो. नियमाने भरणाऱ्याला ती फेरी परवडत नाही. अशा गाडीचा क्लच, टर्बो आणि मागचा एक्सल लवकर गेला तर दोष कारखान्याचा नाही.

दुसरी वाईट वाट म्हणजे गाळणी पोकळ करणं. डीपीएफ कापायचा, आतला गाभा काढून टाकायचा, पुन्हा वेल्डिंग मारायचं आणि संगणकाला ती गाळणी आहेच असं पटवणारा प्रोग्रॅम भरायचा. कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. धूर पुन्हा हमालाच्या छातीत जातो, शिवाय उरलीसुरली वॉरंटीही जाते. पण हे काम करून घेणाऱ्याला नुसती दूषणं देऊन भागणार नाही. गाळणी स्वच्छ करणारी यंत्रणा जवळ नाही, नवी गाळणी त्याच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढी महाग, आणि पोकळ करून देणारा मात्र शेजारच्या गल्लीत. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की माणूस कुठे वळणार हे उघड आहे.

आणि कंपन्यांकडून चुका होतच नाहीत असंही नाही. जुलै २०२१ मध्ये महिंद्राने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात बनलेल्या २९,८७८ पिकअप परत बोलावल्या, कारण द्रवाचा एक पाइप नीट जोडला गेला नसल्याची शंका होती. त्याच महिन्यात कंपनीने जाहीर केलं की नाशिकच्या कारखान्यात दूषित इंधन आल्यामुळे तिथे बनलेल्या सहाशेच्या आत डिझेल गाड्यांची इंजिनं तपासून बदलून दिली जातील. कंपनीने हे स्वतःहून केलं, ही चांगली गोष्ट. पण त्यातून एक प्रश्न उभा राहतो. ज्या कारखान्यात प्रयोगशाळा आहे, गुणवत्ता विभाग आहे, तिथेही खराब इंधन कळायला वेळ लागू शकतो. मग संगमनेरच्या पंपावर रात्री डिझेल भरलेल्या माणसाने ते कसं ओळखावं? इंजेक्टर गेला की त्याला मात्र ‘इंधनात भेसळ, वॉरंटीत बसत नाही’ एवढं एक वाक्य ऐकवलं जातं. डिझेलचा नमुना कुणी घेतला, कुठे तपासला, अहवाल कुठे आहे, हे विचारायची हिंमत त्याला सहसा होत नाही. विचारायला हवं.

*

पिकअपचं माहेर असलेल्या अमेरिकेतही मालक सुखात आहेत असं नाही. तिथे पिकअप हे शेतकऱ्याचं अवजार आहे आणि नोकरदाराचं वाहनही. जनरल मोटर्सच्या २०११ ते २०१६ च्या डिझेल पिकअपमध्ये बॉशचा सीपी-४ हा उच्च दाबाचा पंप होता. अमेरिकी डिझेलचं वंगण कमी पडून तो आतून खरवडतो आणि लोखंडाचा कीस सगळ्या इंधनवाटेत पसरतो, असा मालकांचा दावा होता. प्रकरण पाच कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. रॅमच्या २०१९-२० च्या डिझेल गाड्यांमधला असाच पंप परत बोलावून जुन्या सीपी-३ जातीचा बसवून देण्यात आला. टोयोटाच्या टॅकोमा आणि टुंड्रा गाड्यांच्या चेसी गंजून सडल्या, तेव्हा २०१६ मध्ये कंपनीने जी तडजोड केली तिचा अंदाजे आकडा ३४० कोटी डॉलरपर्यंत जात होता. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सला ६.२ लिटरच्या इंजिनातल्या दोषासाठी अमेरिकेत सुमारे सहा लाख पिकअप आणि मोठ्या एसयूव्ही परत बोलवाव्या लागल्या.

थोडक्यात, बिघाड तिथेही तेच आहेत: पंप, गंज, इंजिनातला कीस. वेगळं आहे ते मालकाच्या हाती काय असतं ते. तिथल्या रस्ता सुरक्षा संस्थेकडे आलेल्या तक्रारी मॉडेलनिहाय कुणालाही पाहता येतात, त्यामुळे टेक्ससमधल्या माणसाला कळतं की आपल्यासारखा पंप ओहायोतही फुटला आहे. आणि २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात दुरुस्तीच्या हक्कावर जनमत घेतलं गेलं तेव्हा सुमारे ८६ टक्के मतं बाजूने पडली. गाडीचं निदान करण्याची माहिती आणि साधनं अधिकृत डीलरला जशी मिळतात तशी बाहेरच्या गॅरेजलाही वाजवी किमतीत मिळाली पाहिजेत, असा तो कायदा. त्यानंतर २०१४ मध्ये कंपन्यांनी तेच तत्त्व देशभर मानण्याचा करार केला. मोबाइल जाळ्यावरून थेट कंपनीकडे जाणाऱ्या माहितीसाठी २०२० मध्ये पुन्हा मतदान घ्यावं लागलं. लढाई पुढे कोर्टकचेऱ्यांत गेली. पण मिस्त्र्याला माहितीचा हक्क आहे, ही गोष्ट तिथे राजकारणाचा विषय होऊ शकली.

आपल्याकडे हा विषय आलाच नव्हता असं मात्र नाही. २०११ साली एका मोटारमालकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कंपन्या सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यात टाटा मोटर्स आणि महिंद्रा या दोघीही होत्या. सुटे भाग खुल्या बाजारात द्या, निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजना द्या, आणि बाहेर काम केलं एवढ्या कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं आयोगाने बजावलं. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, हे त्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य. कंपन्या अपिलात गेल्या, उच्च न्यायालयांत गेल्या, वर्षं गेली. शिवाय ते प्रकरण मोटारींचं होतं. मालगाडीवाल्याची कैफियत त्यात कुणी मांडलीच नव्हती. इतक्या वर्षांनंतर एखाद्या तालुक्याच्या गॅरेजमध्ये जाऊन पाहिलं तर त्या आदेशाचा मागमूस दिसत नाही.

त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. वाहन उद्योग त्यातल्या चार क्षेत्रांपैकी एक आहे. २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकारही सरकारला आहे आणि कंपनीला एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्यासाठी एकाच मॉडेलच्या ठरावीक संख्येने तक्रारी नोंदल्या जाव्या लागतात. जो माणूस गाडी बंद पडली की पहिल्यांदा दुसऱ्या गाडीची सोय बघतो, तो पोर्टलवर तक्रार नोंदवायला बसत नाही. तक्रार नोंदली गेली नाही की दोष अस्तित्वातच नसतो.

ग्राहक न्यायालयाबाबत एक गैरसमज पक्का रुजला आहे: गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे धंद्याची, म्हणून मालक ‘ग्राहक’ ठरत नाही. हे पूर्ण खरं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम २(७) सांगतं की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली असं मानायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात तर उदाहरणच ट्रकचं दिलं: स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहक आहे. गाडी सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती देऊन धंदा करणाऱ्याला मात्र हे संरक्षण मिळत नाही. आता तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. दोष नुसत्या पाहण्याने ठरत नसेल तर ग्राहक आयोग तो भाग तपासायला प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मात्र हाती कागद हवा. दर वेळी जॉबकार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घेणं, गाडी आत गेली आणि बाहेर आली त्या तारखा नोंदवून घेणं, काढलेला जुना भाग ताब्यात मागणं, स्कॅनरच्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढणं. हे करणारा पिकअपवाला अजून विरळाच.

*

वर्कशॉपची बाजूही ऐकायला हवी. तिथला पोरगा बहुधा आयटीआयचा ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून आलेला असतो. एका वर्षात त्याने इंजिन, वीज, सेन्सर, हायड्रॉलिक सगळं शिकायचं. रोज ठरलेल्या संख्येने गाड्या हातावेगळ्या करायच्या असतात, त्यामुळे अर्धा दिवस वायर शोधत बसण्यापेक्षा भाग बदलणं त्याला सोपं पडतं. सुटा भाग गोदामात नसेल तर तो पुण्याहून किंवा आणखी लांबून यायचा. त्यालाही मालकाच्या शिव्या खाव्या लागतात. चांगला हात बसला की तो आखातात जातो किंवा स्वतःचं गॅरेज टाकतो.

आणि अशा गॅरेजांतच थोडी आशा दिसते. पुण्या-नाशिकच्या आसपास काही तरुण मिस्त्र्यांनी कर्ज काढून चांगले स्कॅनर घेतले आहेत, इंजेक्टर तपासणारी टेस्ट बेंच बसवली आहे, मोबाईलवर व्हिडिओ बघून वायरिंगचे नकाशे पाठ केले आहेत. एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर कोड पाठवून ते रात्री उशिरापर्यंत चर्चा करतात. ही खरीखुरी विद्या आहे, आणि ती कुणाच्याही मदतीशिवाय उभी राहते आहे. तिला अधिकृत माहितीचा आधार मिळाला असता तर तिचा वेग कितीतरी वाढला असता. बदल फार मोठे नकोत. प्रत्येक मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका मराठीत आणि वाजवी दरात, इंजेक्टरचा क्रमांक नोंदवण्याएवढी सॉफ्टवेअरची मुभा दिवसाच्या भाड्याने, सुट्या भागांचे दर गॅरेजच्या भिंतीवर, आणि वॉरंटीतली गाडी ठरावीक दिवसांपेक्षा जास्त अडकली तर हप्त्याएवढी भरपाई. सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. पूर्वी बऱ्याच भागांवर तो २८ होता. त्याचा दिलासा बिलात दिसतो. गेलेल्या दिवसांचा हिशेब मात्र तसाच राहतो.

गाड्या पुन्हा बदलू लागल्या आहेत. मे २०२२ मध्ये एसची विजेवर चालणारी आवृत्ती आली. जून २०२५ मध्ये आलेली एस प्रो पेट्रोल, सीएनजी आणि वीज अशा तिन्ही रूपांत आहे; बाजारात आली तेव्हा तिची किंमत ३.९९ लाखांपासून पुढे होती. विजेच्या गाडीत गाळणी नाही, इंजेक्टर नाही, ऑइल नाही. त्या मानाने बिघाड कमी होतील. पण तिच्या बॅटरीचं पोट उघडणं शिक्षणाशिवाय जिवावर बेतू शकतं, आणि तिच्यातल्या सॉफ्टवेअरच्या किल्ल्या डिझेलपेक्षाही घट्ट आवळलेल्या आहेत. वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे याचे गुण ग्राहकाला खरेदीच्या वेळी दिसावेत, असा अहवाल केंद्राने नेमलेल्या समितीने २०२५ साली दिला. सुरुवात मोबाईल आणि घरगुती उपकरणांपासून करायची आहे. मालगाडी त्या यादीत नाही. ती घालण्याची मागणी वाहतूकदार संघटनांनी, बाजार समित्यांनी आणि ज्यांच्या मतदारसंघात कांदा-टोमॅटो पिकतो त्या आमदार-खासदारांनी आत्ताच करायला हवी, कारण बीएस-६ च्या पहिल्या दोन-तीन वर्षांत विकल्या गेलेल्या पिकअपची वॉरंटी संपलेली आहे आणि त्या आता एकामागून एक गावातल्या मिस्त्र्याच्या दारात येऊन उभ्या राहत आहेत.